पथ्याची पोहोच

उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढ माणसांची सीलिअ‍ॅक या आतड्याच्या आजारासाठी तपासणी झाली. डॉ. बी. एस. रामकृष्ण, डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. हा आजार होण्यासाठी जी जनुके असावी लागतात, ती तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात सापडली : उत्तरेत ३८ टक्के लोकांत, ईशान्येत ३१, दक्षिणेत ३६. आजार मात्र उत्तरेत हजारामागे साडेआठ जणांना, ईशान्येत साडेचारांहून थोड्या अधिक जणांना आणि दक्षिणेत दहा हजारांत एखाद्यालाच होता. मग गव्हाचा हिशेब मांडला गेला. उत्तरेतला माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला २५ ग्रॅम. इथवर सगळे सरळ वाटते. पण ईशान्येतला माणूस दिवसाला फक्त ३७ ग्रॅम गहू खात होता, म्हणजे दक्षिणेपेक्षा अर्ध्या फुलक्याइतकाच जास्त, आणि तरीही तिथे आजाराचे प्रमाण दक्षिणेच्या चाळीस पट होते.

अन्न आणि प्रतिकारशक्तीचे जुनाट आजार यांचे नाते समजून घ्यायला हे आकडे मला फार मोलाचे वाटतात. अन्नाचा हात असतो, कधी तो फार मोठा असतो. पण त्याच्या जोडीला जनुके असतात, आतड्यातले जंतू असतात, अजून बरेच काही असते. शिवाय प्रत्येक आजारात हा हात सारख्या अंतरावर पोहोचत नाही. एका आजारात पथ्य हाच संपूर्ण उपचार आहे. दुसऱ्यात ते काही आठवडे स्टेरॉइडची जागा घेऊ शकते. तिसऱ्यात ते औषधाला हातभार लावते, त्यापलीकडे जात नाही. आपल्याकडे मात्र सांधे धरले, पोट बिघडले किंवा अंगावर चट्टे उठले, की घरोघर पथ्याची साधारण एकच यादी निघते. त्या यादीपायी कुणी विनाकारण उपाशी राहतो, तर कुणी वेळेवर घ्यायला हवे ते औषध लांबवतो. म्हणून हे आजार सुटे सुटे करून पाहायला हवेत.

दाह ही मुळात शरीराच्या कामाची गोष्ट आहे. बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. रक्तातून पांढऱ्या पेशी तिथे धावतात, जंतू मारतात, मेलेल्या पेशी उचलतात आणि चार दिवसांत सगळे आवरले जाते. हे आवरणे आपोआप होत नाही, त्यासाठी शरीर वेगळी रसायने तयार करते. जुनाट दाहात हे आवरणेच घडत नाही. सांध्यात, आतड्यात, कातडीत लढाई महिनोन्‌महिने चालू राहते आणि नुकसान आपल्याच पेशींचे होते.

आतड्यासाठी तर ही परीक्षा रोजचीच. दिवसभरात आपण किलोभर तरी परका माल गिळतो, मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू कायमचे वस्तीला असतात, आणि या सगळ्यापासून रक्ताला वेगळे ठेवणारे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा मोठा जमाव याच भिंतीत असतो. त्यांचे बहुतेक काम लढण्याचे नसते, कोणाशी लढायचे नाही हे ठरवण्याचे असते. वरण-भातातली प्रथिने परकी आहेत पण शत्रू नाहीत, हे त्या ओळखतात आणि गप्प राहतात. ही सहनशीलता एखाद्या अन्नाबाबत मोडली तर काय होते, हे सीलिअ‍ॅकमध्ये दिसते.

हा आजार जुना आहे. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, शौचास पांढरट, तेलकट, दुर्गंधी. मूल खाते पण वाढत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यातली बरीच मुले दगावत. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी १९२४ साली या मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला आणि मुले खरोखर सुधारू लागली. केळ्यात काहीतरी औषधी गुण असणार, असे सर्वांनी धरले. त्या आहारात पाव आणि धान्ये नव्हती, याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. आहाराविषयी विचार करताना होणारी ही चूक अजूनही जागोजागी दिसते : एखाद्याला नवा आहार मानवला की श्रेय नव्याने खाल्लेल्या पदार्थाला मिळते, ताटातून गेलेल्या पदार्थाचा कोणी विचार करत नाही.

तो विचार हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयाचे डॉ. विलेम कारेल डिके यांनी केला. १९३०च्या दशकातच ते या मुलांना गव्हाविना आहार देऊन पाहत होते, आणि १९४१ साली त्यांनी त्याबद्दल लिहिलेही. मग १९४४-४५चा हिवाळा आला. नाझींच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडची रसद तुटली, माणसे ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागली, हजारो लोक भुकेने मेले. पाव मिळेनासा झाला. त्या भयंकर दिवसांत सीलिअ‍ॅकची मुले मात्र बिघडली नाहीत, आणि पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडू लागली. शोधाची ही गोष्ट बहुधा या दुष्काळापासूनच सांगितली जाते, पण डिके आधीच वाटेवर होते. दुष्काळाने त्यांची खात्री पक्की केली. खात्री आणि पुरावा यांतला फरक त्यांना ठाऊक होता. युद्धानंतर रसायनतज्ज्ञ व्हान डे कामर यांच्या मदतीने त्यांनी मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजली. गहू दिला की चरबी वाढते, काढला की घटते, हे मोजून दाखवणारा त्यांचा प्रबंध १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठात सादर झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत हेही उलगडले की गव्हातला स्टार्च निरुपद्रवी आहे. दोष त्यातल्या प्रथिनांचा, ग्लूटेनचा आहे.

ग्लूटेनमुळेच कणकेला चिवटपणा येतो आणि पोळी फुगते. त्याच्या साखळीत प्रोलीन आणि ग्लूटामीन ही अमिनो आम्ले इतकी दाटीवाटीने बसलेली असतात की आपले पाचकरस ती पुरती तोडू शकत नाहीत. २००२ साली स्टॅनफर्डमध्ये चैतन्य खोसला यांच्या गटाने न पचता उरणारा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा काढला. खोसलांचे पदवीशिक्षण मुंबईच्या आयआयटीतले. असे तुकडे आपणा सर्वांच्याच पोटात उरतात आणि निमूट बाहेर पडतात. ज्यांच्याकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके आहेत, त्यांतल्या काहींच्या आतड्याच्या भिंतीत मात्र ट्रान्सग्लूटामिनेज नावाचे विकर या तुकड्यांत छोटासा रासायनिक बदल करते. बदललेला तुकडा प्रतिकारपेशींना शत्रू म्हणून दिसतो, हल्ला सुरू होतो, आणि अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. या विकराची ओळख १९९७ साली बर्लिनमधल्या संशोधकांना पटली, आणि त्यावरच आजची रक्ततपासणी बेतलेली आहे.

म्हणजे जनुके हवीत, ग्लूटेन हवे, आणि वर आणखी एखादे निमित्त हवे. म्हणूनच जनुके असलेल्या लोकांपैकी फार थोड्यांना आजार होतो. पण एकदा झाला की ग्लूटेन बंद करणे हा एकमेव आणि पुरेसा उपचार आहे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारांत भडका उडवणारी वस्तू नेमकी सापडली आहे आणि ती काढून घेता येते, असे उदाहरण जवळजवळ हे एकच. इतर आजारांतही अशीच एखादी वस्तू असेल आणि ती ताटातून काढली की सुटका होईल, ही आशा मला समजते. तिला अजून आधार मिळालेला नाही.

सीलिअ‍ॅक असलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाचे एका बाबतीत सुदैव आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ, ही आपली जुनी धान्ये त्याला चालतात. उपासाचे साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा हेही सगळे निर्धोक. अडचण येते ती न दिसणाऱ्या ग्लूटेनची. बाजारात डबीत मिळणारा बांधणीचा हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात वळलेला असतो. थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात घरोघरी मूठभर गहू पडतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. सातूचे पीठ, शेवया, बिअरमधले जव, सोया सॉस, सगळीकडे तेच. खपली गहू जुना आणि देशी म्हणून पचायला हलका समजला जातो आणि ग्लूटेन टाळणाऱ्यांना आवर्जून सुचवला जातो. पण खपलीतही ग्लूटेन असते आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला ती वर्ज्यच आहे. पिठाच्या गिरणीचा धोका तर रोजचा. गव्हाच्या दळणानंतर लगेच टाकलेल्या ज्वारीत जात्याला चिकटलेले गव्हाचे पीठ मिसळतेच. म्हणून या घरांतल्या बायका गिरणीवाल्याशी वेळ ठरवून घेतात किंवा घरची चक्की आणतात, आणि त्यांची ही काळजी फाजील मुळीच नसते.

इटलीतल्या एका प्रयोगात, आजार आटोक्यात असलेल्या रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन कॅप्सूलमधून दिले गेले. तीन महिन्यांत त्यांच्या आतड्याचे उंचवटे खालावले. आपल्या एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असते, म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडासुद्धा रोज पोटात गेला तर पुरे. ‘सणावाराला एक पुरणपोळी खाल्ली तर काय होते’ असा आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा सांगावा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, त्यामागेही असाच हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सीलिअ‍ॅकची शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका. गहू थांबला की रक्तातली प्रतिपिंडे उतरतात, आतडे भरून येऊ लागते, आणि तपासणी ‘आजार नाही’ असे सांगते. मग ना निदान होते, ना पथ्य मनापासून पाळले जाते. शिवाय हा आजार नेहमी जुलाबांच्याच रूपात येत नाही. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन न चढणारी तरुण मुलगी, उंची खुंटलेला शाळकरी मुलगा, कमी वयात ठिसूळ झालेली हाडे, यांच्यामागेही तो असू शकतो. आपल्याकडे पंडुरोग इतका सर्रास आहे की त्याच्या आड हे रुग्ण सहज लपतात.

आतड्याचा दुसरा आजार क्रोन्स. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले बरिल क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. यात आतड्याच्या भिंतीला खोलवर व्रण पडतात, पोटात कळा येतात, वजन उतरते, कधी आतडे अरुंद होऊन अडते. आपल्याकडे याचे निदान आणखी अवघड, कारण आतड्याचा क्षय हुबेहूब असाच दिसतो, आणि क्षयरोग्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर जीवावर बेतू शकते.

क्रोन्समध्ये अन्नाने जे करून दाखवले ते मला आजही थक्क करणारे वाटते. शस्त्रक्रियेआधी वजन भरून यावे म्हणून काही रुग्णांना नुसत्या द्रवरूप पोषक आहारावर ठेवले जाई. त्यांचा दाहच ओसरू लागल्याचे डॉक्टरांना दिसले. १९८४ साली कोम ओ’मोराइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ रुग्णांच्या छोट्या चाचणीत असा आहार स्टेरॉइडच्या बरोबरीने काम करतो हे दाखवले. मुलांमध्ये तर तो आज पहिल्या पसंतीचा उपचार आहे. सहा ते आठ आठवडे मुलाने दुसरे काहीही खायचे नाही. प्रथिने, साखर, स्निग्ध आणि जीवनसत्त्वे मोजून घातलेले तयार द्रव एवढेच प्यायचे. इटलीतल्या २००६च्या एका चाचणीत दहा आठवड्यांनी या आहारावरच्या ७४ टक्के मुलांच्या आतड्याचे अस्तर भरून आलेले होते. स्टेरॉइडवरच्या मुलांत हे प्रमाण ३३ टक्के होते. स्टेरॉइडने मुलांची वाढ खुंटते, या आहाराने ती सुरू होते. लक्षणे शमवणे आणि जखम भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे अन्नाने जखम भरली.

हे का होते, याची गंमत अशी की त्या द्रवात कोणताही चमत्कारी घटक नाही. परिणाम बहुधा जे बंद झाले त्याचा आहे. त्या विचाराने इस्राएलचे डॉ. आरी लेविन यांनी साध्या अन्नाचाच एक आहार बांधला. ताजे कोंबडीचे मांस, अंडी, भात, बटाटा, ठरावीक फळे-भाज्या घ्यायच्या. गहू, दूध, तयार आणि डबाबंद पदार्थ टाळायचे. आणि निम्म्या गरजेपुरते द्रव चालू ठेवायचे. २०१९ साली ७४ मुलांवरच्या चाचणीचे निकाल आले. बाराव्या आठवड्याला या आहारावरची सुमारे ७५ टक्के मुले स्टेरॉइडविना आजारमुक्त होती. नुसत्या द्रवावर सुरुवात करून पुढे हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे वळलेल्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते. त्याच आतड्याचा जवळचा आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस. तिथे नुसत्या द्रवाच्या आहाराने असा गुण येत नाही. शेजारच्या आजारातच पथ्याची पोहोच अशी बदलते.

तयार पदार्थांवर संशय कशामुळे? आइस्क्रीम, ब्रेड, सॉस, तयार क्रीम यांचे तेल आणि पाणी वेगळे होऊ नये म्हणून त्यांत इमल्सिफायर घालतात. त्यांपैकी दोन उंदरांना दिली असता आतड्यावरचा बुळबुळीत थर पातळ झाला, जंतू अस्तराच्या जवळ सरकले आणि सौम्य दाह सुरू झाला, असे बेनुआ शासँ आणि अँड्र्यू गेवर्ट्झ यांनी २०१५ साली दाखवले. पुढे १६ निरोगी माणसांवर याचा प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना अकरा दिवस रोज १५ ग्रॅम कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज हे इमल्सिफायर दिले गेले, तेव्हा आतड्यातल्या जंतूंची वस्ती आणि त्यांनी बनवलेली रसायने बदलली. एकवीस देशांतल्या १ लाख १६ हजार लोकांच्या पाहणीत, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिवसातून पाच वेळा किंवा अधिक खाणाऱ्यांमध्ये आतड्याच्या दाहाचे आजार एकापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ ८२ टक्के जास्त आढळले. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. असे पदार्थ जास्त खाणाऱ्यांचे बाकीचे जगणेही वेगळे असते. तरी उंदीर, माणसांवरचा छोटा प्रयोग आणि मोठी पाहणी तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा मी तरी ती खूण मनावर घेतो.

यात आपल्यासाठी आणखी एक खूण आहे. ब्रिटन आणि कॅनडात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांत हे आजार तिथल्या गोऱ्या मुलांइतके, काही पाहण्यांत त्याहूनही जास्त, आढळले आहेत. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. बदलतात ते अन्न, हवा, स्वच्छता, प्रतिजैविके. भारतातल्या शहरांतही हे रुग्ण आता वाढत आहेत.

चोथा, म्हणजे आपण पचवू शकत नाही असा तंतुमय भाग, हे आतड्यातल्या जंतूंचे अन्न. ते खाऊन जंतू ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात. त्यावर मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात, आणि दाह आवरणाऱ्या प्रतिकारपेशी त्यामुळे वाढतात, हे २०१३ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. उंदरांचा चोथा पूर्ण बंद केला तर उपाशी जंतू आतड्याचा बुळबुळीत थरच खाऊ लागतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी हे जेवण या दृष्टीने भरभक्कम आहे. मात्र क्रोन्समुळे आतडे अरुंद झालेल्या रुग्णाला तोच चोथा अडकू शकतो. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वाढवू नये. आंबवलेल्या पदार्थांचीही एक चांगली चाचणी स्टॅनफर्डला झाली. ३६ निरोगी प्रौढांपैकी ज्यांनी दही, केफिर, आंबवलेल्या भाज्या भरपूर खाल्ल्या, त्यांच्या रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिने घटली. ताक-दह्याच्या घरात वाढलेल्यांना हे वाचून बरे वाटेल. इडली-ढोकळा शिजताना त्यातले जंतू मरतात, ताकातले जिवंत असतात, एवढा फरक लक्षात ठेवावा.

आता संधिवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पथ्याच्या नावाखाली सर्वांत जास्त सोसणे इथे आहे, आणि ते बहुतेक बायकांच्या वाट्याला येते, कारण हा आजार त्यांनाच दोन-तीन पट जास्त होतो. सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली, मनगटे सुजलेली, पोळपाट-लाटणे धरवत नाही. घरातून पहिला सल्ला येतो, आंबट बंद. मग दही-ताक बंद, टोमॅटो बंद, वांगे-बटाटा वातूळ म्हणून बंद, हरभऱ्याची डाळ आणि वाल बंद, लिंबू-संत्रे-आवळा बंद. आंबटाने किंवा वांग्याने या आजारातला सांध्याचा दाह वाढतो याला चाचण्यांचा आधार नाही. एखाद्या बाईला एखादा पदार्थ खरोखर बाधतो असे दोन-चारदा दिसले तर तेवढा तिने टाळावा. पण या यादीने ताटातून प्रथिने, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व एकदमच जातात, आणि नेमके या आजारात स्नायू झिजतात, स्टेरॉइडने हाडे विरळ होतात, रक्त कमी होते. जिला जास्त खाऊ घालायला हवे, तिलाच आपण उपाशी ठेवतो. संधिवाताशी मिळत्याजुळत्या आमवाताचे स्वतंत्र वर्णन करणाऱ्या माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात विरुद्ध आहार आणि मंद अग्नी यांच्या जोडीने हालचालीचा अभाव हेही कारण म्हणून येते. घरातल्या यादीत त्याचा उल्लेख कधी ऐकू येत नाही.

आहाराचा संधिवातावर काहीच परिणाम नाही, असेही नाही. ऑस्लोच्या येन्स केल्डसेन-क्राग यांनी १९९१ साली ५३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना सात ते दहा दिवस उपास, मग साडेतीन महिने दूधही वर्ज्य असलेला, ग्लूटेनविरहित शाकाहार, मग दुधासह शाकाहार असा क्रम दिला. वर्षभरानंतरही त्यांचा आजार दुसऱ्या गटापेक्षा सौम्य होता. स्वीडनमधल्या काल्मार इथे ऑलिव्ह तेल, भाज्या, मासे यांच्या भूमध्यसागरी धर्तीच्या आहाराने तीन महिन्यांत आजाराची तीव्रता कमी झाली. परिणाम खरे आहेत, माफक आहेत, आणि सांध्याची झीज त्यांनी थांबते असे कोणी दाखवलेले नाही. माशाच्या तेलाचा अभ्यास सर्वांत जास्त झाला. त्यातली ओमेगा-३ स्निग्धाम्ले पेशींच्या आवरणात शिरतात, दाह पेटवणारी प्रोस्टाग्लॅंडिने कमी बनतात, आणि दाह आवरणारी रिझॉल्विने बनतात. दिवसाला सुमारे तीन ग्रॅम ओमेगा-३ घेतले तर सकाळचा ताठरपणा आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज घटते. कोकणात-गोव्यात मिळणारे बांगडा आणि तारली हे तेलकट, स्वस्त मासे या दृष्टीने सुरमई-पापलेटांपेक्षा सरस. तरी आठवड्यातून दोनदा खाऊन तीन ग्रॅमांचे प्रमाण गाठता येत नाही. जवसाच्या चटणीतले ओमेगा-३ वेगळ्या जातीचे. शरीर त्याचा अगदी थोडा भाग माशातल्या प्रकारात बदलते. चटणी अवश्य खावी, पण तिच्यावर सांध्यांचा भार टाकू नये.

हळदीचेही तसेच. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या सौम्य ते मध्यम रुग्णांना नेहमीच्या औषधाबरोबर रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा महिन्याभरात निम्म्याहून अधिक रुग्ण आजारमुक्त झाले; नुसत्या औषधावर एकही नाही. २०१५ सालचा हा निकाल छोट्या गटातला, ५० जणांचा, पण लक्षवेधी आहे. फक्त हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. तेवढे कर्क्युमिन हळदीतून मिळवायचे तर रोज शंभर ग्रॅम हळद खावी लागेल. आणि तीव्र मात्रेच्या हळदीच्या कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेट या औषधावर असलेल्या संधिवाताच्या रुग्णाने त्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत.

संधिवातात सांध्यांची हाडे झिजायला पहिल्या दोन वर्षांतच सुरुवात होते. मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या जोडीची औषधे त्या काळात सुरू झाली तर पुढची वाकडी बोटे टळतात. ‘आधी सहा महिने पथ्य करून पाहू’ यातले सहा महिने म्हणून फार महाग पडतात. औषध सुरू करून त्याच्या बरोबरीने भूमध्यसागरी वळणाचे जेवण, वजन आटोक्यात, आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद, हे मात्र आजच करावे. धूम्रपान संधिवाताला आमंत्रण देते आणि क्रोन्स चिघळवते, याचा पुरावा वांगे-टोमॅटोच्या पथ्याहून कितीतरी पक्का आहे.

आजार होऊच नये म्हणून काही खाता येईल का, याचे एक उत्तर २०२२ साली अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीतून आले. पन्नाशीच्या पुढच्या २५,८७१ स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषध गोळी सरासरी पाच वर्षांहून थोडा अधिक काळ मिळाली. ड जीवनसत्त्वाच्या गटात संधिवात, सोरायसिस यांसारखे प्रतिकारशक्तीचे नवे आजार २२ टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्ष माणसे मोजली तर एका गटात १२३ आणि दुसऱ्यात १५५. सुमारे तेरा हजार माणसांनी पाच वर्षे रोज गोळी घेतली, तेव्हा बत्तीस जणांचा आजार टळला. ज्यांच्या घरात हे आजार आहेत, त्यांनी आपले ड जीवनसत्त्व तपासून डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावे. आधीच सुजलेल्या सांध्यांवर या गोळीने उपचार होतो असे त्या चाचणीने सांगितलेले नाही.